तीन बोटांचा जोड

पंधरा नोव्हेंबर, शनिवार. ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजत घातलेत. चार आहेत, दोन रुंद, दोन बारीक. गेल्या वर्षीचा पांढरा रंग केसांच्या मुळाशी दगडासारखा बसलाय, तो सुटेपर्यंत दुपार होईल. रंगाचे दोन डबे उघडून ढवळून ठेवले. गोणपाटाचे तुकडे बाल्कनीत वाळत टाकले, कारण उद्या सकाळी रिंकवर दव असणार आणि दवावर रंग धरत नाही. दर नोव्हेंबरात हे काम माझ्याकडे असतं. आता कोणी सांगत नाही, मीही विचारत नाही.

रिंक आमच्या क्लबचं. क्लब छावणीच्या कडेला, मी लग्न होऊन लखनऊला आले त्याच्याही कितीतरी आधीपासूनचा. बर्फावर गिरक्या घेणाऱ्या मुली टीव्हीवर दिसतात ना, तेच स्केटिंग, फक्त आमच्याकडे बर्फ उसाच्या रसाच्या गाडीवरच मिळतो. म्हणून आमचं सगळं चार चाकांच्या बुटांवर आणि सिमेंटच्या फरशीवर. रविवारी सकाळी लहानांची बॅच, मंगळवार-गुरुवारी मुलींची, शनिवारी अफसरांच्या बायका सलवार-कमीज सावरत भिंतीला धरून फिरतात. जानेवारीत वार्षिक कार्यक्रम. परीक्षा पास झालेल्याला पितळेचा बिल्ला. आणि या सगळ्याच्या मुळाशी वर्तुळं. दोन वर्तुळं एकमेकांना चिकटून, आठच्या इंग्रजी आकड्यासारखी, अशा तीन जोड्या जमिनीवर रंगवलेल्या. एका पायावर उभं राहून, रेघेवरून चाक न ढळता एक फेरी पुरी करायची, मग पाय बदलून दुसरी. बघणाऱ्याला कंटाळा येतो. करणाऱ्याच्या पोटरीत गोळे येतात. बाकी उड्या-गिरक्या नंतर.

लखनऊचा हिवाळा मला कधी आवडला नाही. लोक त्याचं कौतुक करतात: सकाळी दुधाच्या फेसाची मक्खन मलाई, रस्त्याकडेला भाजलेल्या शेंगा आणि हिरव्या मिरचीचं मीठ, उन्हात टाकलेल्या खाटा. मी मूळची सोलापूरची. मला ऊन म्हणजे ऊन लागतं, दहा वाजेपर्यंत विचार करत बसणारं नको. इथे डिसेंबरात धुकं इतकं उतरतं की रिंकच्या या कडेहून ती कड दिसत नाही, नुसता चाकांचा आवाज ऐकू येतो. सिमेंटवर चाक गेलं की घरघर होते, जात्यासारखी. ती एका लयीत चालू राहिली की समजायचं, मूल रेघेवर आहे. लय मोडली की रेघ सुटली.

माझी मुलगी मुक्ता सात ते तेरा या वयात त्या आवाजात होती. मी बाकावर बसून ऐकायचे आणि स्वेटर विणायचे. धुक्यात कोणता आवाज कोणाचा हे मला टाक्यांचा हिशेब न चुकता कळायचं.

आज ब्रश भिजवताना जो हिवाळा आठवतोय तो अकरा वर्षांपूर्वीचा. आठवतोय असं म्हणणं तसं खोटं आहे. तो दर नोव्हेंबरात रंगाच्या डब्याबरोबर निघतोच. एरवी मी झाकण लावते.

त्या वर्षी रिंकची जुनी फरशी उखडून नवं सिमेंट घातलं होतं. जुनी वर्तुळं फरशीबरोबर गेली. नवी आखायचं काम मास्टरसाहबांचं. मास्टरसाहब म्हणजे आमचे प्रशिक्षक, साठीच्या आसपासचे, सडसडीत, हिवाळाभर एकच करडा मफलर. तीस वर्षं त्यांनीच शिकवलं होतं. क्लबातल्या मुलांचे बापही त्यांच्याच हाताखालून गेलेले. आखायला त्यांच्याकडे पोलादी साखळी होती. एका टोकाला कडी, दुसऱ्या टोकाला खडू बसवायचं भोक. उन्हाळ्यात ती घरी नेऊन, तेल पाजून, ट्रंकेत ठेवायचे.

आणि त्यांचा एक रिवाज होता. रेघा रंगवून झाल्या की हंगामाची पहिली फेरी ते स्वतः मारायचे, डोळे मिटून. मुलं श्वास रोखून बघायची. मला तो दिखाऊपणा वाटायचा. एकदा मी म्हटलंही, "मास्टरसाहब, गिरेंगे किसी दिन."

"बहनजी," ते म्हणाले, "आँख तो मेहमान है, झूठ बोल देती है. पैर घर का आदमी है."

त्या ऑक्टोबरात त्यांना चिकनगुनिया झाला. ताप उतरला, पण गुडघे धरले ते धरलेच. इकडे हंगामाची तारीख ठरलेली, पत्रिका वाटलेल्या, साखळी त्यांच्या ट्रंकेत आणि ते अंथरुणात. कमिटीत मी सहचिटणीस होते. कोणीतरी म्हणालं, थांबूया पंधरा दिवस. मला थांबणारी माणसं सहन होत नाहीत. मी म्हटलं, वर्तुळ काढायला काय लागतं? मधे एक सळई, एक दोरी, एक खडू.

"भाभीजी तो रंगोली वाली हैं," अध्यक्ष म्हणाले. "इनसे अच्छा गोला कौन बनाएगा?"

खरंच होतं ते. दिवाळीत आमच्या दारासमोरची रांगोळी बघायला आसपासच्या ब्लॉकमधून बायका यायच्या. माझ्या हाताचा मला भरवसा होता. अजून आहे, हीच पंचाईत आहे.

अंगठ्याएवढी जाड सळई मधोमध ठोकली, तिला सुतळीची गाठ मारली आणि झाडाच्या बाजूने सुरुवात केली. रिंकच्या कडेला अशोकाचं एक झाड आहे. फिरत आले, आणि रेघेचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला मिळेना. तीन बोटं आत आलं. का, ते मी बघितलंच नाही. दोरी गाठीने बांधलेली होती, मी फिरत गेले तशी ती सळईला गुंडाळत आखूड होत गेली, एवढंच. साखळीला कडी कशासाठी असते, हे सहावीतल्या पोरानेही सांगितलं असतं. पण रांगोळीत रेघ चुकली तर आपण काय करतो? पुसून पुन्हा नाही काढत. चिमटीने जरा वळवून घेतो. नजरेला सुबक दिसलं की झालं. मी खडूने हातभर अंतरात ती तीन बोटं हळूच मिळवून घेतली. मग बाकीची पाचही वर्तुळं तशीच, झाडाच्याच बाजूने सुरू करून, तशीच मिळवून घेतली. वर रंग दिला. लांबून इतकं देखणं दिसत होतं की अध्यक्षांनी फोटो काढून सगळ्यांना पाठवला.

मास्टरसाहब तीन आठवड्यांनी काठी टेकत आले. बाकावर बसले. पहिली फेरी झाली नाही. "अगले साल," ते म्हणाले.

पुढचा सगळा हिवाळा ते बाकावरून ओरडत राहिले. "घुटना, बिटिया, घुटना! वहाँ क्यों हिलती हो?" मुक्ताला, श्रेयाला, आणखी दोघींना. राज्याच्या निवडीला आमच्या क्लबातून चौघी जाणार होत्या. रोज पहाटे सहाला आम्ही आया गोणपाट ओढून दव पुसायचो, मग चौघी रेघेवर. पाऊण वर्तुळ होईपर्यंत घरघर नीट चालायची आणि झाडाच्या बाजूला आली की तुटायची. खट्, आणि पुन्हा सुरू. मी बाकावर बसून ते ऐकत होते. मीही घरी आल्यावर मुक्ताला तेच म्हणायचे, गुडघा सांभाळ. एकदा ती चिडून म्हणाली, "मम्मी, मैं नहीं हिलती, अपने आप हिलता है." मी म्हटलं, आपोआप काही होत नसतं, लक्ष नसतं तुझं.

हे वाक्य माझं आहे. मीच बोलले होते. स्वयंपाकघरात, मेथी निवडताना.

निवड दुसऱ्या शहरात होती. तिथली वर्तुळं साखळीने आखलेली, खरी. चौघी एकेक करून उतरल्या. चौघी पाऊण वर्तुळापर्यंत सुरेख गेल्या आणि चौघींचा गुडघा त्याच ठिकाणी हलला. रेघ तशीच गोल पुढे जात होती आणि त्यांची चाकं बोटभर बाहेर उडी मारून परत आली. परीक्षकांत एक वयस्कर बाई होत्या. चहाच्या वेळी मला शेजारी बघून सहज म्हणाल्या, "लखनऊ की चारों बच्चियाँ एक ही जगह चौंकती हैं. अजीब बात है. सिखाता कौन है?"

मी मास्टरसाहबांचं नाव सांगितलं. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये चौघी रडून रडून झोपल्या. मी खिडकीतून बघत होते, आणि "एक ही जगह" डोक्यातून जात नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आधी रिंकवर गेले. झाडाच्या बाजूला उकिडवी बसले आणि रेघेवरून तळहात फिरवला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. हाताला कळलं.

चौथ्या दिवशी कमिटीची बैठक झाली. तिघींच्या आया आणि मी, अध्यक्ष, आणखी दोघे. मास्टरसाहब दाराजवळच्या खुर्चीवर, काठी गुडघ्यांमधे. कोणी आवाज चढवला नाही, लखनऊत चढवत नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "आपकी सेहत भी अब इजाज़त नहीं देती, मास्टरसाहब." श्रेयाची आई रडत होती. म्हणाली, चार वर्षं पोर पहाटे उठली.

मास्टरसाहबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक ग़लत हो तो बच्ची की ग़लती है. चारों एक साथ ग़लत हैं, तो उस्ताद की है. जायज़ बात है."

इतिवृत्त मी लिहीत होते. ते माझंच काम. प्रशिक्षक बदलावा असा ठराव मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिला, खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या, त्यांचीही. त्यांनी सही करताना माझं पेन घेतलं आणि "शुक्रिया, बहनजी" म्हणून परत केलं.

मी का बोलले नाही याची कारणं मी अकरा वर्षं जमवते आहे. समोर त्या तीन आया होत्या. मुक्ता घरात कोंडून बसली होती, तिला काय सांगणार? ज्या बाईवर सगळी कामं टाकून लोक निश्चिंत होतात, ती बाई मी होते. चांगली, वापरण्याजोगी कारणं आहेत ही. एकही उपयोगाचं नाही. खरं एवढंच की बोलायची जागा दोन मिनिटं उघडी होती आणि मी त्या दोन मिनिटांत शुद्धलेखन तपासत होते.

जाताना मास्टरसाहब साखळी क्लबात जमा करून गेले, तेल लावून, सुती फडक्यात गुंडाळून. मी ती कपाटात मागच्या बाजूला ठेवली, जुन्या बिल्ल्यांच्या खोक्यामागे.

रेघ तेव्हाच दुरुस्त करता आली असती. पण दुरुस्त केली तर कोणीतरी विचारणार, का केली? म्हणून दर नोव्हेंबरात मी जुन्याच रेघेवर नवा रंग देत आले. जोडाशी आले की ब्रश जरा सावकाश फिरवते, वळण हुकू नये म्हणून. खोटं सांभाळायला खऱ्यापेक्षा जास्त निगा लागते, हे मी सुविचार म्हणून लिहीत नाही. त्या हातभर जागेला दर वर्षी दोन हात जास्त द्यावे लागतात, रंग तिथेच आधी उडतो. मुलांची चाकं घासतात ना.

मास्टरसाहब शहराच्या टोकाला, चिनहटला मुलाकडे राहायला गेले. मुलगा तिथल्या कारखान्यात होता. मला ते त्यानंतर एकदाच भेटले, चारबाग स्टेशनवर. मी माहेरी निघाले होते, ते नातीला गाडीत बसवायला आलेले. मफलर तोच. मला ओळखून उभे राहिले. मी नको म्हणत असतानाही हमालाला बाजूला करून माझी बॅग आपल्या बाकावर ठेवून घेतली.

"मुक्ता बिटिया कैसी है? करती है अभी भी?"

"नहीं, छोड़ दिया."

ते रुळांकडे बघत म्हणाले, "मैं आज तक सोचता हूँ, बहनजी. रात को लेटे-लेटे चारों को फिर से चलाता हूँ. पंजा, घुटना, कंधा. पकड़ में नहीं आता कि मैंने कहाँ ग़लत सिखाया."

गाडीला वीस मिनिटं होती. मी म्हटलं, "मेरी गाड़ी लग गई शायद," आणि बॅग उचलली.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. क्लबच्या ग्रुपवर बातमी आली, खाली हात जोडलेली चाळीस चित्रं. एक्केचाळिसावं माझं.

इतकं सगळं आहे आणि तरी मी आजही नेहमीसारखे ब्रश भिजवून, उद्या त्याच रेघेवर रंग देऊन, घरी येऊन आंघोळ केली असती. मी स्वतःला ओळखते. पण गेल्या रविवारी एक झालं. आता शिकवते ती श्रेया, त्या चौघींतली एक. तीच टिकली. मधे दोन प्रशिक्षक आले-गेले, सात वर्षं झाली ती बघते. तिच्या बॅचमध्ये पीहू म्हणून सात वर्षांची मुलगी आहे, समोरचे दोन दात पडलेले. ती झाडाच्या बाजूला थांबली, खाली वाकली आणि म्हणाली, "दीदी, यहाँ लाइन मुड़ती है."

"लाइन नहीं मुड़ती, पीहू. तुम्हारा पैर मुड़ता है. घुटना सँभालो."

मग माझ्याकडे वळून श्रेया हसली. "आंटी, अपने क्लब का तो ये झटका ही मशहूर है. बाहर वाले देखते ही बोल देते हैं, लखनऊ की है."

पीहू पुन्हा वाकून रेघेकडे बघत होती. मग तिने आपल्या गुडघ्याकडे बघितलं. रेघेवरचा संशय उठून गुडघ्यावर कसा जाऊन बसतो, हे मी सात फुटांवरून बघितलं. दोन सेकंदांचं काम असतं. मुक्ताचंही तसंच झालं असणार, मी तेव्हा स्वेटर विणत होते.

दुपारी ब्रश सुटले. संध्याकाळी पाचला, दिवे लावायच्या आधी, मुक्ताला फोन केला. ती पुण्यात नोकरी करते, मराठी मुलखात राहून माझ्याशी हिंदीत बोलते.

"बोलो मम्मी, जल्दी, मीटिंग है."

"शनिवारी कसली मीटिंग?"

"है यार. बोलो ना."

मी सांगितलं. सळई, दोरी, गाठ, तीन बोटं, मास्टरसाहब. इतिवृत्ताचंही. पाच-सहा वाक्यं झाली असतील. अकरा वर्षांत मला वाटलं होतं, सांगायला रात्र पुरणार नाही.

 फोन तुटला की काय म्हणून मी बघितलं. तुटला नव्हता.

"मतलब," मुक्ता म्हणाली, "मैं ठीक थी?"

"हो."

"रेघ चुकीची होती."

ती मराठीत बोलली. लहानपणानंतर पहिल्यांदा इतकं सरळ वाक्य.

"हो. माझी."

"तुम्हें पता था. पूरे टाइम." मग एक श्वास. "ठीक है मम्मी. मीटिंग है." या वेळी फोन खरंच तुटला. मी पुन्हा लावला नाही. भाजी टाकली, चपात्या केल्या. नवरा कामावरून, त्याच्या प्रयोगशाळेतून आला, म्हणाला टर्पेंटाइनचा वास येतोय. मी म्हटलं, येणारच.

रविवारी सकाळी सहाला रिंकवर गेले. पिशवीत ब्रश नेले नाहीत. छिन्नी, हातोडी, तारेचा ब्रश. कपाटातून बिल्ल्यांचं खोकं बाजूला करून साखळी काढली. फडकं पिवळं पडलेलं, आतली साखळी अजून काळीभोर, तेलाची बोटं उठणारी. मग झाडाच्या बाजूला गोणपाट टाकून बसले आणि पहिल्या वर्तुळाचा जोड खरवडायला लागले. रंगाचे अकरा वर्षांचे थर, पापडासारखे निघत होते.

सातला धुक्यातून मुलं यायला लागली, मागून आया-बाप, मग श्रेया.

"आंटी! ये क्या कर रही हैं आप?"

मी उभी राहिले. गुडघे धरले होते. बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हिंदीत सांगितलं की ही रेघ अकरा वर्षं वाकडी आहे, ती मी वाकडी काढली, मास्टरसाहबांनी काही चुकीचं शिकवलं नव्हतं, आणि हे मला त्यांना काढायच्या आधीपासून माहीत होतं. एका बापाने मोबाइलमधून मान वर केली. एक बाई म्हणाली, "अरे भाभीजी, इतनी पुरानी बात."   श्रेयाने वाकून खरवडलेल्या सिमेंटवर हात फिरवला, तसाच तळहात सपाट ठेवून, आणि हात बराच वेळ तिथेच ठेवला.

"उनको बताया था?" तिने खाली बघतच विचारलं.

"नहीं."

ती उठली, रिंकच्या पलीकडच्या कडेला गेली आणि पाठ करून उभी राहिली.

पीहूने तेवढ्यात बूट चढवले होते. तिला कोणी थांबवलं नाही. ती वर्तुळावर आली, एक पाय उचलला आणि निघाली. घरघर नीट, एका लयीत. पाऊण वर्तुळ झालं. झाडाच्या बाजूला आता रेघ नव्हती, नुसतं राखाडी सिमेंट होतं.

तिथे आल्यावर तिचा गुडघा हलला.

मी गोणपाट सरकवलं आणि दुसऱ्या वर्तुळापाशी बसले.